बाळ्याचा उपास

“आधी बाळ्याला पनीर टाका. मगच मी उपास सोडते,” म्हणत आवडाबाईंनी वाढलेलं ताट बाजूला सारलं.

सिडकोतल्या गच्च्यांवर चंद्र चांगला वर आला होता. दिवसभर संकष्टीचा कडक उपास, त्यात सकाळी शुगरची गोळी घेतलेली. साखर उतरेल या धास्तीने त्यांचे पती काकासाहेब गुळाची वाटी पुढ्यात घेऊन बसले होते.

बाळ्या काचेच्या टाकीत तोंड फिरवून बसला होता. ऑस्कर जातीचा, तळहाताएवढा, काळा-नारिंगी मासा. मोनाली सासरी जाताना त्याला आईच्या हवाली करून गेली. आवडाबाईंनी लाडाने पनीर चारलं आणि त्याला दुसरं काही चालेना. डोक्यावर बारीक खड्डे पडू लागले, तेव्हा शहागंजातला मासेवाला मजीद म्हणाला, “चाचा, पनीर बंद करो. दो-चार रोज भूका रखो, झक मारके दाना खाएगा.”

कॉलेजच्या ग्रंथालयात हयात गेलेल्या काकासाहेबांनी ते पुस्तकात पडताळून पाहिलं आणि बाळ्याचं पनीर बंद केलं. पंचांग मात्र पाहिलं नाही, आणि मध्येच संकष्टी आली. आवडाबाईंच्या माहेरी, पाचोडला, दावणीचं जनावर उपाशी असलं तर कुणी उपास सोडत नसे.

“अगं, आज पनीर टाकलं तर सगळं मुसळ केरात. मरेल तो.”

“तुमच्या पुस्तकानंच मरंल! पोरीला नवराबी पुस्तकात बघूनच हुडकला व्हय? घरात कुणाला इचारायची रीतच नाय तुमची.”

वाद निघाला की चूक आपलीच असणार, असं काकासाहेबांना आयुष्यभर वाटत आलं होतं. आताही वाटलं.

“निदान गुळाचा खडा तरी घे. चक्कर येईल.”

“येऊ द्या. मुक्या जीवाला खडे चारायला निघालेत! आधी सोता खाऊन बघा की.”

काकासाहेबांनी माशाच्या खाद्याच्या डबीतला एक दाणा उचलला, तोंडात टाकला आणि दाढेखाली फोडला. सुकटीचा उग्र दर्प नाकात चढला. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी तो गिळला.

“अगं बाई! येड लागलं का तुम्हाला?”

“लागलं!”

एवढा चढा आवाज आपलाच, हे त्यांना क्षणभर खरं वाटेना. दुसरा दाणा चिमटीत धरून त्यांनी हात पाण्यात घातला.

बाळ्या वळला. त्याने दाणा ओढला आणि थुंकला.

“बघा! त्यालाबी कळतंय.”

त्याने तोच दाणा पुन्हा ओढला, पुन्हा थुंकला. आवडाबाईंनी खुर्ची टाकीजवळ ओढली. ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला आणि तोंडात घातला. पण चावला नाही. गालात घास धरून त्या रागाने माशाकडे बघत राहिल्या.

बाळ्याने तिसऱ्यांदा दाणा ओढला आणि तोंड मिटलं.

काकासाहेबांचा हात पाण्यातच राहिला. घास खाली उतरतो का, म्हणून ते आवडाबाईंच्या गळ्याकडे बघत होते.