कडी वाजेपर्यंत

आई गेल्यापासून मला पहाटे जाग येते, आणि डोळे उघडायच्या आधी मी दाराच्या कडीकडे कान देते. तिशीला टेकलेल्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही. पण ही सवय आताची नाही. ती पनवेलची आहे. तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

बाबा छातीच्या दुखण्याने घाटावरच्या आरोग्यधामात होते. आई पनवेलच्या एका दवाखान्यात सुईण होती. दिवसा दवाखाना, आणि अवेळी कुणाचं बोलावणं आलं की बैलगाडीतून आसपासच्या गावांना. घरी मी आणि सहा वर्षांचा शांतवन. त्या वर्षी माघात आमचं तान्हं बाळ गेलं. दुसऱ्यांची मुलं जगात आणणाऱ्या हातांतच ते गेलं. आईला रडताना मी पाहिलं नाही. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले आणि आठवड्याच्या आत ती कामावर रुजू झाली.

संध्याकाळी कंदील लावला की आमच्याकडे उपासना होई. शेवटी प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, अशी बाबांनी घालून दिलेली रीत होती. शांतवन बहुधा गुळाबद्दल आभार मानी. चैत्रातल्या एका संध्याकाळी त्याचं झालं, माझं झालं, आणि आई गप्पच राहिली. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती काही आठवत आहे असं वाटत नव्हतं.

"आईचं राहिलं," शांतवन म्हणाला.

"आमेन," आई म्हणाली आणि उठून भांडी घासायला बसली.

"ही लबाडी झाली," तो माझ्या कानात कुजबुजला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे बाहेर जाऊ लागली. अंधारात कडी वाजे. मग बराच वेळ काही नाही. उजाडताना पुन्हा कडी वाजे आणि तळाला जेमतेम पाणी असलेली घागर घेऊन ती आत येई. आमच्या आळीची विहीर तर दारासमोर होती. मी विचारलं की म्हणे, "झोप अजून."

शेजारची हौसा मीठ विकायची. दुपारी टोपली उतरवून ती आमच्या ओट्यावर टेकायची. एकदा मला म्हणाली, "काय गो पोरी, तुजी आय रंभाच्या विहिरीवर कशाला जाते? आमी तिकडं ढोरं पन नाय नेत."

"आई तिथे जात नाही."

"मी काय आंधली हाय? मिठाच्या आगरात जाताना रोज बघते. तिची घागर तिच्यापेक्षा शानी दिसते, काठावर बसून राते. तुजी आय मात्र खाली." मग माझा चेहरा पाहून तिने टोपली उचलली. "जाऊ दे. पान्याला जात असंल."

रंभा कोण होती ते सगळ्या पनवेलला ठाऊक होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी तिने त्या विहिरीत जीव दिला होता. उरणच्या रस्त्याकडची ती जुनी दगडी विहीर, आत उतरायला पायऱ्या असलेली. तेव्हापासून तिथलं पाणी कुणी भरत नसे. तिच्याबद्दल बायका बोलत त्यातली एकच गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. जाण्याआधी रंभाने चूल पेटवली होती आणि भात ठेवला होता. परत येणाऱ्या बाईसारखा.

त्यानंतर पहाटे कडी वाजली की मी आधी चुलीकडे पाही. चूल थंड असली की मला पुन्हा झोप येई. एके दिवशी अंधारात चूल पेटलेली दिसली. वर भाताचं पातेलं होतं.

मी तशीच धावले. परकराचा काठ बाभळीच्या काट्याला अडकून फाटला. विहिरीच्या काठावर आमची घागर होती. पहिल्या पायरीवर आईच्या वहाणा होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या. खाली काळोख होता आणि त्यातून काही आवाज येत नव्हता. मी ओरडून हाक मारली तेव्हा तो आवाज माझा वाटला नाही.

"हळू उतर," खालून आई म्हणाली. "शेवाळ आहे."

मी भिंतीला धरून उतरले. तळाला जेमतेम घोटा बुडेल एवढं गढूळ पाणी होतं. आई शेवटच्या पायरीवर बसली होती. दोन दगडांच्या फटीतून एक झरा पाझरत होता, धार म्हणण्याइतकाही नव्हे. त्याखाली तिने पितळेची वाटी धरली होती. शेजारी कळशी होती. मी तिच्या मांडीवर डोकं आपटलं आणि रडले. तिने वाटी हलू दिली नाही.

"हौसा काही बोलली?"

मी मान डोलावली.

"हौसा खोटं बोलत नाही," आई म्हणाली. वाटीवरची नजर न हलवता म्हणाली, "पहिल्या दिवशी मी पाण्याला आले नव्हते, रुथे."

मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"खाली उतरले तर पाणी एवढंच. म्हटलं, हेही धड नाही." ती हसली. तसं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "मग बसले. देवाला नाही नाही ते बोलले. पाळकसाहेबांनी ऐकलं असतं तर मंडळीतून काढलं असतं. बोलून बोलून घशाला कोरड पडली, म्हणून इथे ओंजळ धरली. ती भरायला इतका वेळ लागला की तेवढ्यात उजाडलं. दवाखान्याची वेळ झाली."

"आणि आता?"

"आता वाटी आणते. घाई करून खालचं उपसलं तर गाळ येतो. वाटी धरून बसावं लागतं. ती भरेपर्यंत त्याच्याशी बोलते. कधी नुसती बसते. आजचा दिवस निघेल एवढं मिळतं."

"उद्याचं?"

"उद्याचं आज मिळत नाही. म्हणून तर रोज येते." तिने वाटी कळशीत रिकामी केली आणि पुन्हा फटीखाली धरली. "आज एका बाळंतिणीकडे लवकर जायचंय. म्हणून भात टाकून आले. तू तो चुलीवर तसाच टाकून आलीस ना?"

माझी भीती तिथे संपायला हवी होती. पण मी वर पाहिलं. भिंतीवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर एक काळी रेघ होती. पावसाळ्यात पाणी तिथवर येत असे. आईला वाचवलं होतं ते पाणी नसण्याने, असं मला वाटलं. ते मी तिला विचारू शकले नाही.

मग मी रोज तिच्याबरोबर जाऊ लागले. तिने नको म्हटलं नाही. आषाढात पाणी चढू लागलं. झऱ्याची फट बुडाली. एकेक पायरी नाहीशी होत गेली आणि आई एकेक पायरी वर बसू लागली. ती डोळे मिटून बसे. मी उघडे ठेवी आणि तिच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून ठेवी. प्रार्थना मी केली असेन तर ती एवढीच, की विहीर भरू नये. ती भरली.

श्रावणात मला हिवताप आला. पहाटे कडी वाजली तेव्हा मी गोधड्यांखाली कुडकुडत होते. उठायला गेले तर जमीन कलली. चूल पेटलेली होती. पातेल्यावरचं झाकण हलत होतं. शांतवन भिंतीकडे तोंड करून झोपला होता. भात उतू गेला, निखाऱ्यावर चरचरला, करपल्याचा वास सुटला. दाराच्या फटीत उजेड आला. हौसाच्या कोंबड्या बाहेर पडल्या. हौसा कुणाशी तरी बोलत गेली, आणि तिच्या बोलण्यात आईचं नाव येतं का ते मी दात आवळून ऐकत राहिले. बाबांना कोण कळवेल, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

कडी वाजली.

आईच्या कमरेवर काठोकाठ भरलेली घागर होती. पदर कोरडा होता. "भात करपवलास," ती म्हणाली, आणि मग माझ्या कपाळावर हात ठेवला. हात गार होता. तो मी दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही.

"वाटी कुठाय?" मी विचारलं.

"घागरीत. आता भरायला वेळ लागत नाही. पण बसते तेवढाच वेळ."

त्या संध्याकाळी कंदील लागला. शांतवनाने गुळाबद्दल आभार मानले. मी तापात होते, मला माफी होती. आईची पाळी आली.

"घरी परत आल्याबद्दल," ती म्हणाली.

"कुठून?" शांतवनाने डोळे उघडून विचारलं.

"आमेन," आई म्हणाली.

पुढे बाबा बरे होऊन आले. आम्ही पनवेल सोडलं, गावं बदलली, घरं बदलली. प्रत्येक घरात पहाटे ती कडी काढून बाहेर जाई, कधी मागच्या अंगणात, कधी नुसती जिन्याच्या पायरीवर. ती परत येईपर्यंत मला झोप लागत नसे, हे तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. गेल्या महिन्यात ती इस्पितळात, दिवसाउजेडी, मी हात धरलेला असताना गेली.

आज पहाटे बराच वेळ मी कडीची वाट पाहिली. मग उठून ती मीच काढली. जिन्याच्या पायरीवर बसले. आभाराचं एकही वाक्य सुचेना. आईने विहिरीत काढले असतील तसे शब्द तोंडात आले, ते बोलले. खालच्या नळाला पाणी आलं होतं. कुणाची तरी बादली भरत होती. ती भरेपर्यंत बसले.

आत आले आणि मागे वळून कडी लावली. आवाज तोच होता.