डाव्या हाताची लव

अनुया बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून बाहुलीच्या कंगव्यानं स्वतःच्या डाव्या हाताचे केस विंचरत होती. आधी मनगटापासून कोपरापर्यंत सगळे एका बाजूला वळवायचे, मग मधोमध भांग पाडायचा, असा तिचा उद्योग चालला होता.

प्लास्टर परवाच निघालं होतं. सायकलवरून पडून मोडलेलं हाड छान जुळलं होतं, पण हात बाहेर आला तो वाळक्या शेंगेसारखा बारीक, आणि वर काळीभोर दाट लव. उजवा हात नऊ वर्षांच्या मुलीचा आणि डावा कुणा काकाचा, असं दिसत होतं. "प्लास्टरखाली होतं असं कधी कधी," डॉक्टर म्हणाले होते. "काही महिन्यांत आपोआप जातील. काही लावू नका, उपटू नका." वर्षालीनं मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लेकीच्या हातावर ओढणी टाकली.

"इकडं ये गं. हात पुढं कर."

गोजाबाई डाळीच्या पिठाचा गोळा घेऊन आल्या. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव असा गोळा फिरवून काढण्यात अख्ख्या मोशी गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नात जन्मली तेव्हाही त्यांनीच ते काम केलं होतं, त्यामुळे हे नवं पीक त्यांना स्वतःचा अपमान वाटत होता.

"बारशाच्या आत पोर लखलखीत केलती मी. मंग ह्ये कुठनं आलं? आईवर गेली, दुसरं काय!"

सासूबाईंचं हे वाक्य वर्षालीला नवं नव्हतं. लग्नाआधी एका बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या मावशीनं तिचं मनगट धरून उलटंसुलटं केलं होतं आणि नकार कळवला होता. गोजाबाईंनी होकार दिला खरा, पण पहिल्याच हळदीकुंकवाला चारचौघींत म्हणाल्या, "गुनाची हाय सून. जरा केसाळ हाय, येवढंच." बायका हसल्या. वर्षालीही हसली, आणि त्या दिवसापासून तिनं मे महिन्यात, घरातसुद्धा बाही मनगटाच्या वर सरकू दिली नाही. चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीला होती. दिवसभर सुट्या भागांवरचे ओरखडे हुडकायचे आणि नापास माल बाजूला काढायचा, हे तिचं काम. स्वतःचे हात तिनं कधीच बाजूला काढून ठेवले होते.

लेकीच्या वाट्याला हे यायला नको होतं. रविवारी धाकट्या दिराचं, जयसिंगचं लग्न. चार लोक बघणार, चार तोंडं बोलणार. येताना तिनं मेडिकलमधून केस काढायचं क्रीम आणलं होतं, आणि आता ट्यूबचं झाकण उघडून ती उभी होती.

"मम्मी, नको ना!" अनुयानं हात पोटाशी धरला. "वर्गात कुणालाच नाहीत असे. सगळे हात लावून बघतात. वाघाचा हात म्हणतात!"

बाहेरून जयसिंग डोकावला. नवरदेवाचं कपाळ हळूहळू मागं सरकत चाललं होतं.

"वहिनी, ते डॉक्टर डोक्याला प्लास्टर घालतात का विचारा ना. रविवारपर्यंत बोटभर उगवले तरी पुरे!"

वर्षालीला हसू आवरेना. तिनं झाकण लावलं. डॉक्टर नको म्हणालेत, असं तिनं सासूबाईंना सांगितलं. खरं म्हणजे त्या केसांवर इतकं खूश झालेलं माणूस तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ती खुशी पुसायला हात धजला नाही.

शनिवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मांडव पडला. चिंचवडहून मेंदी काढणारी आली होती. अनुया पहिला नंबर लावून बसली आणि दोन्ही हात ऐटीत पुढे केले. मेंदीवालीनं डावा हात उलटा केला आणि ती थांबली.

"ताई, हिचं वॅक्स नाही केलं? केसांवर मेंदी नीट बसत नाही. नुसत्या तळव्यावर काढू का?"

शेजारच्या दोघीतिघींनी मान वळवून पाहिलं. "अगंबाई, येवढ्याशा पोरीला!" कुणीतरी चुकचुकलं.

अनुयानं आधी हाताकडे पाहिलं, मग आईकडे. तिचा हात हळूच मागं गेला आणि परकराच्या घोळात शिरला.

ती हालचाल वर्षालीला पाठ होती. इतकी वर्षं ती स्वतः तेच करत आली होती. तिच्या मस्तकात तिडीक गेली. कुणावर, ते तिचं तिलाही कळलं नाही. ती सतरंजीवर बसली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि हात मेंदीवालीच्या मांडीवर ठेवले.

"आधी माझ्या हातांवर काढ. कोपरापर्यंत, भरगच्च. मग हिच्या."

अनुया गुडघ्यांवर रांगत जवळ आली आणि आईच्या हातावर वाकली.

"मम्मी! तुला पण आहेत? मला कधी दाखवले का नाहीस?" ती भांडायलाच उठली. मग डावा हात आईच्या हाताला लावून तिनं नीट निरखून पाहिलं. "पण माझे जास्त आहेत."

पहिली हसली ती मेंदीवाली. मग हसू मांडवभर पसरलं, आणि या वेळी वर्षाली मनापासून हसली.

रविवारी सकाळी मेंदी अशी काही रंगली होती की बायका बघायला गोळा झाल्या. वर्षालीच्या कोपरापर्यंत वेलबुट्टी काळपट लाल चढली होती.

"गोजाबाई, मेंदी येवढी रंगली म्हंजी सासूचा लई जीव दिसतोय सुनंवर!" शेजारच्या सावित्रीबाईंनी सगळ्यांदेखत चिमटा काढला.

गोजाबाईंनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. पदर खोचत त्यांनी घसा खाकरला.

"हाय की! मंग? कुनाचं काय जातंय?" आणि मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी हाक दिली, "ओ फोटूवालं! नवरदेव ऱ्हाऊ द्या तिकडं. आधी माझ्या सुनंचं हात घ्या."

वर्षालीनं दोन्ही हात पुढे केले. फोटो निघायच्या आत मधे एक तिसरा, बारीकसा डावा हात घुसला.