पुलाखाली गप्प होणारा रेडिओ

बाबांच्या गाडीतला रेडिओ माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. दोन कडांना हस्तिदंती रंगाची दोन बटणे, मधोमध बोटभर रुंदीची काचेची पट्टी आणि तिच्यामागे मधासारखा पिवळा दिवा. रविवारी दुपारी बाबा गाडी बाहेर काढीत, आत्याला तिच्या घरून घेत आणि शहराला एक संथ फेरी मारून आणीत. आत्या पुढे बसे, मी मागे. गाणे कमी आणि खरखर जास्त, अशा त्या रेडिओचा ताबा नेहमी तिच्याकडे असे.

अलीकडे या फेरीला परीक्षेची कळा आली होती. दारात उभ्या असलेल्या बाबांना आत्याने एकदा ‘कोण हवंय?’ असे विचारले होते आणि मग थट्टा केली म्हणून ते हसण्यावारी नेले होते. तेव्हापासून बाबांचा एकच धोशा होता : डोळे गेले तुझे, एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये. पण त्या दोन खोल्या आत्याने स्वतःच्या हिमतीवर घेतल्या होत्या आणि त्या सोडण्याच्या कल्पनेनेच तिचा चेहरा उतरे.

“डोळे शाबूत आहेत माझे, बाळ्या,” साठीला टेकलेल्या धाकट्या भावाला ती अजून असेच म्हणे. “हा बघ, रेल्वेचा पूल आला. गंजलाय नुसता. आणि हे वीजघर. कुंपणावर वेल केवढा चढलाय! दिसतंय ना मला?”

पूल खरोखरच डोक्यावर असे. 

“ज्या दिवशी चुकशील, त्या दिवशी बोचकं बांधायचं, ताई.”

“आणि नाही चुकले तर तू माझी भांडी घासायचीस. मुक्या, तू साक्षीदार!”

मुक्या म्हणजे मी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून तिने ठेवलेले नाव. मला ते आवडे. तिच्या तोंडी ते दूषण वाटत नसे.

आत्याची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. पलीकडचा माणूस कोणत्या गावाहून बोलतो आहे, हे ती नुसत्या तारेतल्या सुरसुरीवरून सांगे, असे बाबा अभिमानाने सांगत. असे कान लाभलेल्या बाईने ही खरखर का सोसावी, असे मला वाटे. तिला काहीतरी द्यावे आणि ते न बोलता द्यावे, म्हणून मी नवा स्टिरिओ आणला.

तो डॅशबोर्डच्या चिंचोळ्या खाचेत मावेना.

“पत्र्याला करवत लावशील तर घराबाहेर काढीन,” बाबा म्हणाले. “नाकीडोळी नीटस बाई आहे ती. तिच्या तोंडावर वार नको.”

मग मी वेगळा मार्ग धरला. जुना रेडिओ सोडवून घेतला, त्याचे पोट रिकामे केले आणि नव्याची यंत्रणा सुटी करून त्या पोटात बसवली. जुनी बटणे नव्या दांड्यांवर चढवली, पिवळा दिवा होता तिथेच ठेवला, सीटखाली स्पीकर दडवले. बाहेरून काही म्हणजे काही बदलले नव्हते. काढलेले अवयव मात्र मी फडक्यात गुंडाळून बुटांच्या खोक्यात जपून ठेवले. मला काहीच टाकवत नाही.

रविवारी आत्याने बटण फिरवले आणि तिच्या तरुणपणीचे गाणे गाडीभर दाटले.

“अगंबाई! गाणारी मांडीवर येऊन बसली की रे!”

ती गुणगुणू लागली. मला धन्य वाटले. गाणे सलग, स्वच्छ वाहत होते. पुलाखालून गेलो तरी तिने गुणगुणणे थांबवले नाही. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. बऱ्याच वेळाने, मोकळ्या मैदानाच्या कडेने जाताना, ती घाईघाईने म्हणाली, “हा बघ, पूल आला. गंजलाय नुसता.”

वर नुसते आभाळ होते.

कोणीच बोलले नाही. त्या शांततेवरून तिला कळले असावे. तिचा हात बटणापाशी गेला, ते इकडे-तिकडे फिरवू लागला. आवाज चढत होता, उतरत होता. ती शोधत होती ते मात्र सापडत नव्हते. पुलाखाली जुना रेडिओ गप्प होई, वीजघरापाशी भुंग्यासारखा घुमे, चढावर दुसऱ्याच स्टेशनवरची बाई मध्ये बोलू लागे. आत्याचा रस्ता त्या खरखरीत होता, आणि तो मी स्वच्छ पुसून टाकला होता.

दारात गाडी थांबली. हात मांडीवर ठेवून ती हळूच म्हणाली, “बोचकं बांधू का, बाळ्या?”

बाबांनी उतरून तिच्या बाजूचे दार उघडले. “एका चुकीनं कोणी नापास होत नाही, ताई. बघू पुढच्या रविवारी.”

घरी परतताना मूग गिळून बसणे मला जमले नाही. “बाबा, पुलाखाली रेडिओ गप्प होतो ना, त्यावरून ती ओळखायची,” एवढे एकच वाक्य मी बोललो.  घरी येताच बुटांचे खोके त्यांनीच शोधून आणले. मी एकेक तार जोडत गेलो आणि ते शेजारी वाकून बॅटरीचा झोत धरून उभे राहिले, दिवसाउजेडी.

पुढच्या रविवारी बटण फिरताच खरखर उसळली. आत्याने कान रेडिओकडे झुकवला.

“नवा बिघडला, ताई. हल्लीच्या वस्तू कसल्या टिकतायत!”

“कुठल्या टिकायला,” ती म्हणाली आणि सीटला रेलून बसली.

पूल जवळ आला. बाबांनी गाडीचा वेग कमी केला, इतका की मागचा कोणीतरी भोंगा वाजवू लागला. रेडिओ गप्प झाला आणि गप्पच राहिला.

“आज पूल लांबलाय का रे?”

“रुंद केलाय,” बाबा म्हणाले.

“बरं केलं. रंगही दिलेला दिसतोय.”

“हो. हिरवा.”

“शी! हिरवा रंग देतात का कधी पुलाला!”

त्या संध्याकाळी बाबांनी तिच्या ओट्यापाशी उभे राहून खरोखरच भांडी घासली. घासता घासता शेगडीची बटणे घट्ट बंद आहेत ना, तेही हळूच चाचपून पाहिले. बोचक्याचा विषय त्यांनी काढला नाही. आत्या माझ्या शेजारी खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होती.

“जरा आवाज करून घास रे, बाळ्या,” ती म्हणाली. “म्हणजे दिसतं मला.”