मास्तरांचा उजवा हात

मी एक जुना चोचीचा कप आहे. पांढरं प्लास्टिक, घट्ट झाकण आणि झाकणाला एक छोटी चोच. कारखान्यात तपासताना माझ्यात पाणी भरून, चोच बंद करून मला उलटं धरलं, तेव्हा एक थेंबही गळला नाही. मित्रांनो, मी तिथूनच शेफारलो.

मला विकत घेतलं ते मास्तरांच्या लेकीने. मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी साऱ्या गल्लीचे कपडे शिवले. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, पण व्यायामाने तो हळूहळू सुधारत होता. दोन्ही हातांनी कप धरून ते चहा प्यायचे. अर्धा चहा पोटात, अर्धा सदऱ्यावर, आणि वेळ म्हणाल तर चांगली पंचवीस मिनिटं. लेकीला ऑफिस गाठायचं असे. चादरी धुऊन धुऊन ती मेटाकुटीला आली होती.

माझ्यामुळे सगळं चुटकीसरशी होऊ लागलं. चोच ओठांना लावली की चार मिनिटांत चहा संपायचा. सुरुवातीला मास्तर हात पुढे करून म्हणायचे, "राहू दे, मी घेतो." "असू दे हो बाबा, मी आहे ना," असं म्हणत लेक तो हात अलगद पांघरुणात ठेवायची. तिच्या मनात मायाच होती. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे आणि मी हुरळून जायचो. पांघरुणातल्या त्या हाताकडे मी कधी पाहिलंच नाही, याची मला आज लाज वाटते.

एके दिवशी लेकीने मला उचलायच्या आधीच मास्तरांनी तोंड उघडलं. हात जागचा हलला नाही. बाबा आता किती शहाण्यासारखे पितात, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. मलाही ते खरं वाटलं.

तीन महिन्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या ताई पुन्हा तपासायला आल्या. त्यांनी मास्तरांना सदऱ्याचं बटण लावायला सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यभर काजं केली, त्याच्या बोटांना काज सापडेना. मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. हे चहा-पाणी कसं घेतात, असं ताईंनी विचारलं, तेव्हा लेकीने मोठ्या हौसेने मलाच पुढे केलं.

"हात बरा होत होता हो," ताई म्हणाल्या. "तुम्ही त्याचं कामच काढून घेतलंत."

लेक खूप रडली. मी कसला रडतोय, माझं झाकण घट्ट.

दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर उठू लागली. रुंद कानाचा साधा कप, त्यात अर्धाच कोमट चहा. पहिल्या सकाळी तो सगळा मास्तरांच्या मांडीवर सांडला. ती कप धरायला झेपावली, मध्येच थांबली आणि स्वतःचे हात पाठीमागे धरून उभी राहिली. आता मास्तर आपल्या हातांनी चहा पितात. पण उजव्या हाताची दोन बोटं मिटली ती मिटलीच. वेळेवर काम मिळालं असतं तर तीही कदाचित सुटली असती, असं ताई म्हणतात. ते तीन महिने मी खाल्ले.

काल शेजारीण मला मागायला आली. सासूबाईंना चहा प्यायला फार वेळ लागतो, म्हणाली. लेक काही बोलायच्या आत मास्तरांनी विचारलं, "त्यांना वेळ लागतो, की तुला वेळ नाही?" शेजारीण खुर्चीवर बसली. जाताना ती मला न घेताच गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून गाऱ्हाणं मांडतात. माझी विनंती उलटी आहे. ज्यांचा हात खरंच उचलला जात नाही, त्यांच्यासाठी मला जरूर काढा. पण तुमच्या घरी कुणाचा हात थरथरत का होईना पुढे येत असेल, तर मला फळीवर मागे सारा. एक जुना टॉवेल जवळ घ्या आणि चहा संपेपर्यंत त्यांच्याशेजारी बसा.