तीन वेळा पहिला सोमवार

लोवेल होस्टेटरनं आयुष्यात दोनच गोष्टींची धास्ती घेतली होती. एक बर्फावर घसरणारा ट्रेलर आणि दुसऱ्या ड्रेशर बाई. ट्रेलरला तो सरावला. बाई मात्र त्या शनिवारी दुपारी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात त्याची वही होती.

वही म्हणजे मुलांच्या शाळेची रोजनिशी. लोवेलची बायको कॉरिन परिचारिका. तेरा-तेरा आठवड्यांच्या नोकऱ्या धरायची. ज्या रुग्णालयात माणसं कमी, तिकडे आपलं चाकांवरचं घर, तो ट्रेलर, हाकत चौघं जायचे. कॉरिन रात्री ड्यूटी करी, दिवसा झोपे. लोवेल ट्रेलरातल्या घडीच्या टेबलावर दहा वर्षांच्या मॅरेनला आणि सात वर्षांच्या ओटिसला हळू आवाजात शिकवी.

कागदोपत्री त्यांचा पत्ता लोवेलच्या आईचा, पेनसिल्व्हेनियातला. तिथे घरी शिकणाऱ्या मुलांना वर्षातून एकदा एका शिक्षकापुढे बसावं लागतं. एकशे ऐंशी दिवस शाळा झाली आणि मुलं पुढे सरकली, असं त्यानं सही करून द्यायचं. सही झाली नाही तर मुलं गावच्या शाळेत, लोवेल त्यांच्यापाशी आणि कॉरिन पुढच्या नोकरीला एकटी. हा शिक्षक निवडायचा हक्क आईबापांचा असतो. लोवेलच्या आईनं, व्हर्नानं, तो परस्पर वापरून टाकला होता. चौतीस वर्षं तिसरीला शिकवलेल्या ड्रेशर बाई तिच्या शेजारीण. खुद्द लोवेल त्यांच्याच हाताखालून गेलेला. गेला म्हणजे दोनदा गेला.

"लोवेल," बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "तू अजूनही तारीख घालत नाहीस."

"आठवडा घातलाय, बाई."

"तेच विचारतेय. 'पहिला आठवडा, सोमवार.' हा इथं आहे. पुढे पुन्हा 'पहिला आठवडा, सोमवार.' आणि हा तिसरा. तेरा आठवडे शाळा घेतलीस आणि तीनदा उतरवून काढलीस?"

व्हर्नानं काकवीच्या केकवर सुरी थांबवली. मुलगा फसला याचं दुःख आणि नातवंडं घरी राहणार याचा आनंद, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदम मावेनात.

लोवेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांच्या घरात महिना कुणी विचारतच नसे. 'कितवा आठवडा चाललाय?' एवढंच. तेरावा संपला की नवं गाव, नवा पहिला आठवडा. यात समजावून सांगण्यासारखं काही आहे, हे त्याला या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

"बाई, तसं नाही हो. पहिला कॅन्ससचा. मग ॲरिझोना. मग मेन."

"तोंडानं कुणीही सांगेल. तिसरीत तूही सांगायचास, वही कुत्र्यानं खाल्ली म्हणून. तुझ्याकडे तर कुत्रंच नव्हतं."

कॉरिन तोंड उघडणार एवढ्यात मॅरेन खुर्चीवरून उठली. "बाई, कुठलाही दिवस विचारा. बाबा, तुम्ही बोलू नका."

बाईंनी वही स्वतःकडे वळवली, मुद्दाम शेवटाकडचं पान धरलं. "तिसरी नोकरी. चौथा आठवडा, गुरुवार."

मॅरेननं हात मागे बांधले. पाळी संपताना परिचारिका पुढच्या पाळीवालीला रुग्णाची सगळी हकीकत सांगते. त्याला त्या ओव्हर देणं म्हणतात. कॉरिन दुपारी तीनला उठली की मुलं तिला दिवसभराच्या शाळेची ओव्हर देत. एकही दिवस चुकला नव्हता.

"मेन, समुद्रकिनारा," मॅरेन सुरू झाली. "सकाळी भरती मोजली, दगडावर खडूच्या खुणा करून. आजच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येणार. वाचन, दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट, दोन प्रकरणं. पेशंट दुसरा, ओटिस, वय सात. बेरीज ठणठणीत. वजाबाकी नाजूक, हातचा घ्यायला विसरतो. खारं पाणी प्यायला, एकदा. लक्ष ठेवावं."

बाईंचं बोट ओळीवरून सरकत होतं. पाण्याच्या घोटापर्यंत सगळं जुळलं. त्यांनी पानं उलटून कॅन्ससचा एक बुधवार विचारला, ॲरिझोनाचा एक सोमवार विचारला. वादळाच्या भोंग्याचा सराव आला, निवडुंगाच्या सावलीवरून काढलेली उंची आली, इंचासकट.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या.

"ठीक नाही," मॅरेन म्हणाली. "आता तुम्ही परत म्हणून दाखवा. त्याशिवाय ओव्हर पुरी होत नाही."

व्हर्नाच्या हातातली सुरी खाली पडली. चौतीस वर्षांत ड्रेशर बाईंना कुणी पाठ म्हणायला लावलं नव्हतं. पण बाई खुर्चीत ताठ झाल्या, घसा साफ केला. "मेन. दगडावर खुणा. उद्याची भरती पन्नास मिनिटं लवकर..."

"उशिरा!" ओटिस ओरडला. "असंच करतात आणि मग भलत्याला भलतं औषध जातं."

कॉरिन खिडकीकडे तोंड करून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल ओटिसपुढे सरकवली.

"बरं डॉक्टर, दिवस तुम्हीच मोजा. तेरा आठवडे तीनदा, आठवड्याचे पाच दिवस. झाले एकशे पंच्याण्णव. सुट्ट्या किती, लोवेल?"

"नऊ, बाई."

"मग शाळा किती दिवस?"

लोवेलनं टेबलाची कड घट्ट धरली. पाचातून नऊ जात नाहीत. ॲरिझोनात याच जागी पोरगं तीन आठवडे रडलं होतं, आणि त्याच्या शेजारी बसून लोवेलला तिसरीतला स्वतःचा बाक आठवला होता.

ओटिसनं कागदाकडे बघितलं. जीभ बाहेर आली. नऊवर छोटी रेघ पडली, वर आठ बसला. मग सावकाश सहा, आठ, एक.

"एकशे शहाऐंशी. सहा जास्तीच भरलेत, बाई. परत देऊ का?"

"राहू दे," बाई म्हणाल्या, आणि एकदम इतक्या मोठ्यांदा हसल्या की शेजारचा कुत्रा भुंकला. त्यांनी सही केली, मोठी, खालच्या रेघेबाहेर जाणारी. सहीखाली तारीख घातली आणि त्या तारखेवर लोवेलकडे बघत दोनदा टिचकी मारली. "मला तुझ्याबाबतीत जमलं नाही ते तू याच्याबाबतीत जमवलंस. तू हातचा घ्यायला कधीच शिकला नव्हतास माझ्याकडे."

"ॲरिझोनात शिकलो, बाई. याच्याबरोबर."

मॅरेन आईजवळ गेली आणि तिच्या हाताला हात लावून म्हणाली, "ओव्हरमध्ये बदल. वजाबाकी बरी झाली. घरी सोडायला हरकत नाही."

"कुठल्या घरी?" कॉरिननं विचारलं.

अंगणात ट्रेलर उभा होता. ओटिसनं तिकडेच बोट दाखवलं.

व्हर्नानं केकचा सगळ्यात मोठा तुकडा गुपचूप त्याच्या ताटलीत टाकला. "तीन वाजता उठतेस ना गं तू?" ती कॉरिनला म्हणाली. "मग रविवारी तेव्हाच फोन लावायला सांग पोरांना. मलाही द्या ती तुमची ओव्हर. मी परत म्हणून दाखवीन, आणि या ड्रेशरपेक्षा बरी म्हणीन."