गुरुवारच्या न्योकीची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, खानावळीतली. रोम शहरात, टायबर नदीपलीकडच्या एका अरुंद गल्लीत, सेत्तीमियाबाईंच्या खानावळीच्या दाराशी मी बेचाळीस वर्षं टांगलेली आहे. मधले चौदा महिने तेवढे सोडा. खरं तर त्या चौदा महिन्यांचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी माझं कूळ सांगते, म्हणजे मला कुणी उपटसुंभ समजणार नाही.

माझा जन्म लिगुरियात, समुद्रालगतच्या डोंगरात झाला. तिथल्या खाणीतला काळा दगड पापुद्र्यांसारखा सुटतो. माझ्या बहिणी घरांच्या छपरांवर गेल्या, काही शाळांत गेल्या. माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, म्हणून मी स्वस्तात रोमला आले. समोरचा सुतार क्विरिनो याने मला चौकट बसवली आणि त्याबदल्यात वाडगाभर वजडी खाल्ली. तेव्हा तो ऐन तिशीत होता आणि स्वतःच्या कामाचं त्याला भारी कौतुक होतं. "बाई, भिंत पडेल, पण ही चौकट हलायची नाही," असं तो म्हणाला होता.

रोज सकाळी बाई बाजारातून आल्या की ओल्या फडक्याने मला पुसत आणि खडूने लिहीत. चारच पदार्थ, कधी तीनच. किंमत अशी, की गवंड्यांनी आणि छापखान्यातल्या मुलींनी रोज जेवावं. रोममध्ये वारांची शिस्त मोठी. गुरुवारी बटाट्याच्या गोळ्यांची न्योकी, शुक्रवारी मासा, शनिवारी वजडी. गुरुवारी न्योकी मिळाली नाही, तर इथला माणूस घरात आजारपण असल्यासारखं तोंड करतो.

एखादा पदार्थ संपला की बाई बाहेर येत आणि ॲप्रनच्या टोकाने ती ओळ पुसून टाकत. दीड वाजेपर्यंत माझ्या अंगावर दोनतीन पांढुरके फराटे असत. मित्रांनो, त्या फराट्यांचा मला फार अभिमान वाटे.

गल्लीत वाट चुकलेले पाहुणे क्विरिनोला विचारत, "इथे चांगलं आणि परवडेल असं जेवण कुठे मिळेल हो?" तो रंधा न थांबवता सांगे, "जिथे दारातला माणूस हाताला धरून आत ओढतो, तिथे जाऊ नका. जिथे जेवणाचे फोटो लावलेत, तिथेही नको. पाटी बघा. हाताने लिहिलेली असेल, थोडंच लिहिलेलं असेल आणि त्यातलंही काही पुसलेलं असेल, तर मुकाट्याने आत जाऊन बसा."

"आणि सगळंच पुसलेलं असेल तर?"

"तर उद्या लवकर या."

अशी चौतीस वर्षं सुखाने गेली. मग एका पावसाळी सकाळी बाई ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मुलगा फाउस्तो मदतीला आला. स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात काम केलेला, मनाने चांगला, पण घाईचा. आठवड्याभरात त्याने दारात चकचकीत प्लास्टिकचा फलक लावला. पाच भाषा, अडतीस फोटो. आणि मी मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. माझ्यावर टोमॅटोचे डबे रचले. मला दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई.

एका मंगळवारी क्विरिनोचा आवाज आला. "फाउस्तो, आज वार कोणता?"

"मंगळवार, काका."

"मग न्योकी कशी?"

"आता रोज असते. पिशवीतली येते, उकळत्या पाण्यात टाकली की झाली. तुम्हाला गुरुवारची वाट बघायला नको."

"मला वाट बघायला आवडायचं रे," क्विरिनो म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्यानंतर तो आलाच नाही. हळूहळू गवंडी गेले, छापखान्यातल्या मुली गेल्या. पाहुणे येत, जेवत, जात. दुसऱ्यांदा कुणी येत नसे.

एका दुपारी बाईंनी फाउस्तोला विचारलं, "क्विरिनो हल्ली कुठे जेवतो?"

"घरीच. विकतचं डबाबंद सूप."

बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "नाताळपर्यंत बघू. गल्लीतलं माणूस परत आलं नाही, तर कुलूप लावू. एकदाच येणाऱ्यांसाठी मी ही चूल पेटवली नव्हती." मला तर रडूच आलं असतं, दगडाला येत असतं तर.

फाउस्तोलाही ते लागलं असावं. डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्याने डबे बाजूला केले, मला धुतलं आणि फलक उतरवून पुन्हा दारात टांगलं. बाईंच्या बोटांत आता खडू ठरत नव्हता, म्हणून त्यानेच लिहिलं. न्योकी, मटण, घेवडा. बाईंनी पहाटे उठून डाव्या हाताने बटाटे मळले होते. पण बारा वाजले, एक वाजला, लोक माझ्याकडे बघून पुढे जात राहिले. चौदा महिन्यांत मोडलेली सवय एका सकाळीत कशी जुळणार?

दीड वाजता फाउस्तो बाहेर आला. इकडेतिकडे पाहिलं आणि बाहीने मटणाची ओळ पुसली. मग घेवड्याचीही पुसली. आत एकही माणूस जेवला नव्हता. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

"काय काय संपलं रे?" समोरून क्विरिनोने विचारलं. तो दुकानाच्या दारात बसून सगळं बघत होता.

"मटण. आणि घेवडा."

"सकाळपासून इथे बसलोय, आत कुणी गेलेलं दिसलं नाही. मटण काय मांजराने नेलं?"

बाई हातात झाकण घेऊन बाहेर आल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. ओरडल्या नाहीत.

"परत लिही."

"आई, लोक बघतायत."

"म्हणूनच लिही. आणि खाली लिही, आज काहीही संपलेलं नाही."

फाउस्तोने लिहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. छापखान्यातल्या दोघी थांबून वाचू लागल्या आणि हसल्या. क्विरिनोने गुडघ्यांवरचा भुसा झटकला. "म्हणजे मला दोनदा वाढून मिळेल," असं म्हणत तो सरळ आत शिरला. त्याच्यामागून त्या दोघी गेल्या. त्या दिवशीही सगळी न्योकी संपली नाही, पण चार टेबलं भरली. नाताळ आला आणि गेला, कुलूप काही लागलं नाही.

बाई जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची उजवीकडे उतरत जाणारी ओळ मला फार आठवते. हल्ली लोक हातातल्या फोनवर खानावळींना मिळालेल्या चांदण्या मोजत माझ्यासमोरून निघून जातात. माझ्या अंगावर मधोमध तडा गेला आहे. पण फाउस्तोने नवी पाटी आणली नाही, तो तड्याच्या वर दोन पदार्थ लिहितो आणि खाली दोन.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी, तिच्यावर विसंबून रोज कोण येतं तेवढं बघा. आणि मला नुसतं धुऊनपुसून ठेवू नका, माझ्यावर खरं तेच लिहा. त्या खोट्या पुसण्याचे डाग पाण्याने कधीच निघाले. पण फाउस्तो आजही एखादी ओळ पुसायला हात उचलतो, तेव्हा आधी आत जाऊन पातेलं बघून येतो.