पट्ट्यावरची बोली

सोमवारपर्यंत भिंत पूर्ण करायची होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंनी एका फोटोवर बोट ठेवून माझी सगळी भिंत पाडली.

भिंत म्हणजे आमच्या ऑफिसातली, लिफ्टसमोरची. कंपनीला पन्नास वर्षं होत होती आणि ‘आपण किती पुढे आलो’ हे तिच्यावर मांडायचं होतं. काम मी स्वतः मागून घेतलं होतं. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी जाड हिरवी रेघ, आणि रेघेवर टप्पे. पहिली महिला पर्यवेक्षक, सहा वर्षांपूर्वी. परदेशातून आलेली पहिली गटप्रमुख, तीन वर्षांपूर्वी. पहिली कर्णबधिर कर्मचारी, गेल्या वर्षी. ही शेवटची ओळ लिहिताना मला भरून आलं होतं, कारण माझ्या मुंगीला ऐकू येत नाही.

मुंगी म्हणजे माझी लेक. सव्वा वर्षाची. सहा महिन्यांपूर्वी तपासणीत कळलं, तेव्हापासून तिच्या कानांत यंत्रं आहेत आणि माझ्या डोक्यात एकच घोर: ही माझ्याशी कधी बोलणार? बोलणार तरी का? रोज सकाळी तिला समोर बसवून मी ‘आई’ हा शब्द पन्नासदा म्हणते. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघते आणि मग जांभई देते.

सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, या कंपनीत सत्तावीस वर्षं होत्या. तेव्हा तिथे काचेच्या बाटल्या बनायच्या; आता कारखाना लांब गेलाय आणि आमच्याकडे नुसती टेबलं उरलीत. म्हणून मी त्यांच्याकडे जुना फोटो मागितला. फोटोत सरकत्या पट्ट्याकाठी दहा-बारा बायका उभ्या होत्या, डोक्याला फडकी बांधून.

“आणि ही आमची मुकादमबाई,” आई म्हणाल्या. “अख्खा पट्टा तिच्या बोटांवर चालायचा. बहिरी होती ठार.”

“कोण बहिरी होती?”

“अगं हीच. आपल्या इकडची नव्हे ती. बोटीतून आली होती, नवरा आणि दोन पोरं घेऊन. तिला आपली भाषा यायची नाही, आम्हाला तिची.”

मी फोटो उलटा केला. मागे साल होतं. माझ्या जन्माच्या आधीचं.

बाई. बहिरी. परकी. माझे तिन्ही टप्पे एकाच फडक्याखाली, रेघ जिथे सुरू होते त्याच्याही डावीकडे.

“पण मुकादम कशी झाली? ऐकू येत नसताना?”

“तिथे ऐकू कुणाला यायचं?” आई हसल्या. “बाटल्यांचा एवढा खणखणाट, शेजारची बोंबलली तरी कळायचं नाही. आम्ही सगळ्याजणी हातांनीच बोलायचो. तडा गेलाय, पट्टा थांबव, साहेब येतोय, साहेब चिडलाय, साहेबाची पँट उसवलीय. सगळं. तीच तर सगळ्यांत भराभर बोलायची. नवीन बाईला शिकवायचीही तीच.”

“मग गेली का?”

“नवीन यंत्रं आली ना. शांत. साहेब म्हणाले, आता सूचना कर्ण्यावरून देणार. पहिली तिलाच घरी बसवली.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “फार कौतुकानं नको ऐकूस. त्या आवाजात माझा डावा कान गेला. आणि तिला पुरुष मुकादमापेक्षा कमीच द्यायचे. पण ‘ही कशी काम करणार’ असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.”

माझे कान तापले होते. मी तिथूनच विभागप्रमुखांना फोन लावला. सांगताना माझे शब्द एकमेकांवर आदळत होते.

“छान आहे हे,” ते म्हणाले. “पण रेघ वर जायला हवी ना.”

“सर, पण ती सरळ वर गेलेलीच नाही. वर होती, खाली आली, आता पुन्हा...”

“अहो, पन्नास वर्षांचा समारंभ आहे. चौकशी समिती नव्हे.”

फोन ठेवला तेव्हा आई मुंगीला जेवण भरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आहे ती अजून. तीन बस बदलाव्या लागतात. येतेस?”

मला त्या रात्री धड झोप लागली नाही, आणि कारण भिंत नव्हती. मी आजवर एकही ऐकू न येणारी म्हातारी पाहिली नव्हती. मुंगी सत्तर वर्षांची झाल्यावर कशी असेल हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. तिसऱ्या मजल्यावर आईंनी बेल दाबली आणि आत दिवा लुकलुकल्याचं दाराच्या फटीतून दिसलं. दार उघडलं ते एका रुंद, पिकल्या केसांच्या बाईनं, आणि त्यानंतर जे झालं ते मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. दोघी उंबऱ्यातच सुरू झाल्या. बोटं, मनगटं, भुवया, गाल. घरात शब्द जपून वापरणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे चक्क वाह्यातपणा करत होत्या. त्यांनी कुणाच्या तरी चालण्याची नक्कल केली आणि मुकादमबाई भिंतीला टेकून, खोल आवाजात, पोट धरून हसल्या.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“ते तुला नाही सांगता येत. तू सून आहेस माझी.”

आत गेल्यावर मुकादमबाई माझ्याकडे वळल्या. हात हलले. मी हसले. पुन्हा हलले. मी आणखी हसले.

“ती विचारतेय,” आई म्हणाल्या, “तुझी सून मुकी आहे का?”

मला हसू आलं. कडेवरची मुंगी मात्र ताठ झाली होती. ती मुकादमबाईंच्या हातांकडे बघत होती, आणि ती माझ्या ओठांकडे कधीच असं बघत नाही. बाईंनी दोन बोटं हनुवटीला लावून पुढे केली. मुंगीनं आपली गुबगुबीत बोटं हनुवटीला लावली आणि पुढे केली.

“नक्कल करतेय,” मी म्हणाले.

बाईंनी दुसरं काहीतरी विचारलं. मुंगीनं उत्तर दिलं, आणि ती खूण वेगळी होती. बाईंनी भुवया वर करून आईंकडे पाहिलं.

“आई,” मी म्हणाले, “मी तुम्हाला नको म्हटलं होतं. हातवारे केले तर ती बोलायला आळशी होईल म्हणून.”

“हो, म्हणाली होतीस.”

“आणि तुम्ही ‘बरं’ म्हणाला होतात.”

“म्हणाले होते ना.” आईंनी पदराशी चाळा केला. “तू ऑफिसला गेलीस की दिवसभर आम्ही दोघीच. ती सारखी काहीतरी मागायची, रडायची. मला जे येत होतं ते मी दिलं. अकरा शब्द येतात तिला. बारा. कालपासून बारा.”

बारा. माझ्या मुलीला बारा शब्द येत होते आणि ते मला ठाऊक नव्हतं. राग यायला हवा होता. आलाही थोडा, पण बारा हा आकडा त्याहून मोठा होता. मी मुंगीला आणखी घट्ट कवटाळलं.

तिनं मान मागे घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत. मग उजवा पंजा उघडून जमिनीकडे दोनदा दाबला.

“हे काय?” मी आईंकडे वळले.

“मला काय विचारतेस? तिला विचार.”

“कसं विचारू?”

मुकादमबाईंनी माझा हात पकडला, तळवा वर फिरवला, बोटं जराशी हलवली आणि माझ्या कपाळावर टिचकी मारली. आई म्हणाल्या, भुवयाही उचल, नाहीतर तो प्रश्न होत नाही. मी तळवा फिरवला, भुवया उचलल्या. काय?

मुंगी थबकली. तिचे डोळे मोठे झाले. ही आपल्याशी बोलतेय, हे तिला तेव्हा कळलं असावं. मग नव्या माणसाशी आपण बोलतो ना, सावकाश, हेल काढून, त्याला कमी समजतं असं धरून, तसा तिनं पंजा अगदी हळू खाली दाबला. एकदा. थांबली. पुन्हा एकदा. आणि मान तिरकी करून बघत राहिली, पोचलं का.

पोचलं. बाटल्यांचं खोकं उचललेल्या बाईला पट्ट्यापलीकडून सांगायची ती खूण होती, हे आईंनी नंतर सांगितलं. पण मला अर्थ सांगावा लागला नाही.

खाली ठेव.

माझी मुलगी माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती हे. मला सोड, म्हणाली. मी हसत होते आणि मुकादमबाई माझं तोंड आपल्या ओढणीनं पुसत होत्या, म्हणजे रडतही असणार. मी वाकले आणि तिला खाली ठेवलं. ती धडपडत मुकादमबाईंच्या कपाटाकडे निघाली, जिथे खालच्या फळीवर काचेचं बरंच काही मांडलेलं होतं, आणि मी “अगं, अगं” करत तिच्यामागे धावले. मग आठवलं. पुढे जाऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि आईंना विचारलं, “‘थांब’ कसं म्हणायचं? लवकर सांगा.”